अकरा मिनिटांची आई

ओबरवाल्ड, ४ नोव्हेंबर १९५७

चि. फोल्कमारास अ. आ.

आई गेली. न्यूमोनियाने तीन दिवसही दिले नाहीत. तार तुझ्या खोलीवर पडून राहिली आणि तू रेडिओच्या स्टुडिओत! आम्ही माती देऊन आलो.

बाबा चुलीपाशी बसून असतात. तुझं संगीत रेडिओवर लागलं तेव्हा नळ गळतोय का बघायला उठलेला हा माणूस, पण आता त्यांनाच तुझं ते यंत्र आठवलंय. ईस्टरला आईला गोड पावाची कृती सांगायला लावून तू तिचा आवाज टेपवर घेतलास ना? तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ऐकायला शाळेचे मास्तर टेपरेकॉर्डर देणार आहेत. टेप लगेच पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी ताई,
इर्मट्राउट

कोलोन, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

टेप नाही गं. मी ती कापली. आमचं काम असंच असतं. टेप बोटबोट कापायची, तुकडे खिळ्यांवर टांगायचे, हवे तसे चिकटवायचे. मला शब्द नको होते, नुसता सूर हवा होता. पीठ, लोणी, मला मारलेल्या हाका, सगळं केरात गेलं. उरलेलं उलटं वाजवलं, सावकाश वाजवलं. अकरा मिनिटांची रचना झाली.

बाकीचे आधी नक्कल काढून ठेवतात. नकलेत खरखर येते म्हणून मी मूळ टेपलाच कात्री लावली. शहाणा ना मी!

चार दिवस तुकडे जुळवतोय. एक वाक्य होत नाही. येत्या शनिवारी रचना रेडिओवर आहे, बाबांना ऐकवू नकोस. कुठल्या तोंडाने घरी येऊ?

आशीर्वाद मागायची हिंमत नाही.

तुझा फोल्कमार

ओबरवाल्ड, १७ नोव्हेंबर

चि. फोल्कमारास अ. आ.

बाबांना सांगून टाकलं. रोज पोस्टमनची वाट बघत होते, किती दिवस बघू देणार?

काल दाढी करून, चर्चचा कोट घालून ते रेडिओला कान लावून बसले. मध्येच हात वर करून त्यांनी मला गप्प केलं. मी बोलतच नव्हते. संपल्यावर रेडिओतून टाळ्या ऐकू आल्या. त्यात आई नेमकी कुठे होती ते त्यांना कळलं नाही, मला कळलं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलले रे. तुझा संताप येतो आणि काळजीही सुटत नाही.

नाताळला ये. बाबांचा निरोप आहे की यंत्र आणू नकोस. ते घरात दिसलं, तर तू परत जाईपर्यंत ते तोंडातून एक शब्द काढणार नाहीत.

जमेल तसा लोभ ठेव.

ताई