हातोड्यांची ओळ

खोडरबर जोरात फिरलं आणि कागद फाटला, माय. आता तेच पान चौथ्यांदा उतरवते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आहे, दुपारचं ऊन ओट्यापर्यंत आलं आहे. कॉलेजची मुलं दुष्काळातल्या गाण्यांचं एक लहान पुस्तक काढतायत. खडीच्या कामावरचं तुझं गाणं पहिल्या पानावर घ्यायचं म्हणतात. पान आज संध्याकाळी न्यायला येतील. ते तुम्ही बायका गायलात तसं द्यायचं, की मी तीस वर्षं शिकवलं तसं, एवढाच प्रश्न आहे.

अजून दिसतं, तलवाड्याच्या रस्त्याच्या कामावर आपण दोघी खडी फोडत शेजारी बसलो आहोत. विहीर आटली त्या वर्षी माझी शाळाही सुटली. तू मला बाभळीच्या दांड्याचा हातोडा दिलास. दांडा माझ्या मुठीच्या मापानं तासलेला. रस्त्याचं काम मजूर सोसायटीकडं होतं. आपण सगळ्या तिच्या सभासद आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं. कसल्याशा कागदावर अंगठे घेतले होते, तेवढंच. मुकादम सोसायटीचा माणूस. खडी मोजायची बिनबुडाची लाकडी पेटी तो रोज एकाच जागी ठेवायचा, आणि त्या जागची माती त्यानं उकरून खोलगट केलेली. पेटी भरता भरायची नाही, आणि मजुरी मिळायची ती पेटीवर. एका बाईनं त्याचं नाव घेऊन हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव पुकारलं गेलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग डोक्यावर रिकामी पाटी घेऊन घरी गेली.

त्याच दुपारी तू गायला लागलीस.

काळा धोंडा फुटतो बाई, घावाला घाव
ढीग आमचा गिळतो त्याचं काय गं नाव?

आणि मग शब्द नाहीत. सगळ्यांचे हातोडे एकदम वर, एकदम खाली. तीनदा. मग पुन्हा पहिली ओळ.

मुकादम धावत येतो. "ए बायांनो, बंद करा ते गानं!"

"कावून दादा? नाव तं कुनी घेतलं न्हाई," तू मान वर न करता म्हणतेस.

"मला काय कळत न्हाई व्हय?"

"तुमाला लई कळतंय, म्हनून तं आमी इचारतो. तुमीच सांगा की."

बायका पदर तोंडात धरून हसतात. हसण्यात माझा घाव चुकून बोटावर बसतो, तरी मी हसतेच आहे.

आठवडाभरानं पाहणीला सरकारी साहेब आले. तू गाणं थांबवलं नाहीस. साहेबांनी उभं राहून ऐकलं आणि सहज विचारलं, "मग काय नाव त्याचं?" आपण हातोडे मारले. तीनदा. मुकादम घाईनं पुढं झाला. "माझं न्हाई हां, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग पेटीकडं. पेटी उचलायला लावली. संध्याकाळपर्यंत तो खड्डा मुरमानं भरला होता. सकाळी हजेरीत त्या बाईचं नाव पुकारलं, तेव्हा ती नव्हतीच. तू मला तिला बोलवायला तिच्या घरी पळत पाठवलंस.

पुढं मी मराठी शिकायला गेले. एका निबंधात हे गाणं दिलं. सर म्हणाले, रचना अपुरी आहे. प्रश्न आहे, उत्तर नाही, एक ओळ गळालेली दिसते. मला लाज वाटली. तुमच्याकडं एक ओळ कमी पडली, याची. मी ती भरली: 'मुकादम गं मुकादम, चोर का साव?' यमक जमलं, पुनरुक्ती जमली, सरांनी वर्गात वाचून दाखवलं. निबंध छापून आला तेव्हा मी तो चुलीपाशी बसून तुला वाचून दाखवला. तू भाकरी थापत होतीस.

"ही वळ कुनाची?"

"आपलीच की."

"आपली न्हाई. तू त्याला सोडून दिलं."

मी चिडले. शिकलेल्या मुलीला कविता सांगतेस, असं काहीतरी म्हणाले. तू परातीत पीठ ओढलंस आणि थापत राहिलीस.

मौन हेही कवितेचं साधन असतं, हे मी इतरांच्या कविता शिकवताना कितीदा सांगितलं. तुझ्या गाण्यापाशी आले की माझी ओळ फळ्यावर लिहायचे आणि तिचं यमक दाखवायचे. आपण नाव घेतलं असतं, तर साहेबांनी एक तक्रार ऐकली असती. घेतलं नाही, म्हणून ते मुकादमालाच बोलावं लागलं. इतकं साधं होतं. तुम्ही बायका ते भर उन्हात, हात सोलपटलेले असताना रचत होतात.

पान आता उतरवून झालं. दोन ओळी, खाली मोकळी जागा. बरं वाटतंय, माय. जेवणही आज दोन घास जास्त गेलं. एक कबूल करते. माझी ती ओळ मला अजून आवडते, आणि खोडताना हात अडला. म्हणूनच कागद फाटला. तो फाटका कागद आणि हे पत्र मी पिठाच्या डब्यामागं ठेवून देते.

पत्र पुन्हा बाहेर काढलंय, माय. आज सकाळी छापखान्यातून फोन आला. "बाई, तिसरी ओळ राहिलीय वाटतं, नुसती जागाच हाय." तेवढी जागा तशीच सोडा, मी म्हणाले.