पत्रकातलं तिसरं वाक्य

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? चिमीची परीक्षा आटोपली असेल. मी बरी आहे.

काल माझी अधिस्वीकृतीची मुलाखत झाली. आम्हा जनसंपर्कवाल्यांची ही मोठी परीक्षा. पास झालं की लोक आपल्याला नुसती गोड बोलणारी बाई समजत नाहीत. सात वर्षं तिच्या मागे होते. लेखी पेपर केव्हाच सुटला होता. उरली होती मुलाखत आणि स्वतःच्या कामाचा एक नमुना.

नमुना साहेबांनीच निवडला. आमच्या कारखान्यातल्या स्फोटानंतर मी लिहून वर्तमानपत्रांना दिलेलं प्रसिद्धिपत्रक.

ताई, भाऊजी गेले त्या स्फोटानंतरचं.

त्या आठवड्यात तू पेपर माझ्यापुढे धरलास. 'कामगाराने सुरक्षेचे नियम पाळले नाहीत,' या ओळीवर बोट ठेवून म्हणालीस, "माणूस गेला तो गेला, वर खापरही त्याच्याच माथी. कुणाचा हात धजला असेल गं हे लिहायला?"

मी तुला पाणी आणून दिलं.

तो हात माझा होता. व्हॉल्व्ह चिकटतो, अशी भाऊजींची लेखी तक्रार दोन आठवडे आधीच आली होती. ती मी वाचली होती. साहेब म्हणाले, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. मी ते लिहिलं आणि तुझ्याकडे येऊन स्वयंपाकाला लागले.

काल परीक्षकांनी पत्रकाची तोंडभरून तारीफ केली. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी आचारसंहितेचा कागद पुढे केला. जाणूनबुजून खोटं प्रसिद्ध करणार नाही, असं लिहिलेलं; त्याखाली सही करायची. माझा हात उचलेना. काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं.

म्हटलं, "पत्रकातलं तिसरं वाक्य खोटं आहे. गेलेला माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता."

अधिस्वीकृती गेली. आज सकाळी नोकरीही गेली. त्याचं काही नाही गं. तुला सांगायचं ते आधी तीन परक्या माणसांना सांगितलं, हे मात्र गिळवत नाही.

तक्रारीची प्रत सोबत आहे. चौकशी अधिकाऱ्यांना दे. हे पत्रही दे, माझी गय करू नकोस. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ते वाक्य लिहिणारी,
तुझी धाकटी