बाळंतिणीच्या खोलीतली हवा

१२ मे १९५८, इंदूर

मुलगी झाली! नाक अंबिकेचं, आवाज मात्र माझ्या आईचा. अंबिकेला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. आईनं लगेच आतल्या खोलीची खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, खाटेखाली शेगडी ठेवली – बाळंतिणीला वारा लागू नये. दहा दिवस सोयेर. मी उंबरठ्याबाहेर.

१५ मे

शाळेला सुट्टी. भूगोलाची टाचणं काढतोय – जगातले अतिउष्ण प्रदेश. सहारात हवा वरून खाली उतरते, दबते, दबली की तापते. ढग धरतच नाहीत. आपल्या माळव्यात समुद्र लांब, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत, त्यात राजस्थानकडून भाजणारे वारे, लू. दूधवाला म्हणाला, "भिया, सांवेर से आते-आते सिर पक गया!"

१७ मे

इराणच्या आखाताचा किनारा. पाणी शेजारी, तरी जीवघेणा उकाडा! हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग निवत नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात आतून अंबिका – "अहो, आईंना सांगा ना, खिडकी थोडी उघडू द्या. जीव घाबरतोय." शेगडीवर ओव्याचं पाणी उकळत होतं. खोलीभर वाफ. मी म्हणालो, पाचच दिवस राहिले, कळ काढ. बाळंतपणातलं पुरुषानं काय बोलायचं? लाज वाटली.

१८ मे

तिनं परत विचारलं नाही.

१९ मे

दुपारी तिचं अंग भाजत होतं. घाम नाही. बरळायला लागली. आई म्हणाली, बाळंतज्वर – आणि वर आणखी एक गोधडी घातली! धावत जाऊन डॉक्टरसाहेबांना आणलं. ते दारातूनच ओरडले – "पहले खिड़की खोलिए! मार डालेंगे क्या?" ओल्या चादरी, बर्फ, सगळं केलं. साडेपाचला गेली.

बाळ शेजारच्या शशिकलावहिनींकडे आहे. मला रडूही येत नाही.

३१ मे

तेरावा झाला. आईशी बोलणं सोडलंय. तिनं मारलं माझ्या अंबिकेला – कळू दे तिलाही.

२ जून

बाळाला मांडीवर घेऊन आई आपणहून म्हणाली, "माझ्या सासूनं केलं तेच मी केलं रे दिवाकरा. मनात धाकधूक होती. पण तू एवढा शिकलेला, दाराशीच बसलेला, काही बोलला नाहीस. मला वाटलं, बरोबरच चाललंय."