समोरच्या गच्चीवरच्या खुर्च्या

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आले एकदाची नगरला. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण एसटीचा कंडक्टर ‘नगर, नगर’ म्हणूनच ओरडत होता आणि आईनंही ‘नगरला पोचलीस की फोन कर’ असंच बजावलं होतं. केला फोन. तिचा पहिला प्रश्न नेहमीप्रमाणे ‘जेवलीस का’, दुसरा आदिनाथचा. आदिनाथ नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशिनवर आहे, दिवाळीनंतर आमचं लग्न आहे, आणि पुणतांब्यात बसून आईला माझ्यापेक्षा जावयाचीच काळजी जास्त.

नोकरी मात्र मनासारखी मिळाली. साप्ताहिक ‘आडवाट’, दर शुक्रवारी आठ पानं. त्यात पुढाऱ्यांचे वाढदिवस नाहीत, सराफांच्या जाहिराती नाहीत. नाटक, गाणं, चित्रं, तमाशा, आणि ज्यांना दैनिकं हिंग लावून विचारत नाहीत ती माणसं. कार्यालय माळीवाड्यात, टायरच्या दुकानावर. संपादक रामहरी सर साठीचे, मऊ बोलणारे, सतत बडीशेप चघळणारे. मी पुण्यात नाटक शिकले त्याचं चीज झालं, कारण सगळी समीक्षा आता माझ्याकडे. अट एकच, लेखाखाली नाव छापायचं नाही. माझ्या आधी हे काम गोरक्ष नावाचा मुलगा करायचा. तो कुठे गेला विचारलं, तर सर खुलले. म्हणाले, गोरक्षचा शेवट फार रंगला, सगळं गाव लोटलं होतं. निरोप समारंभाचं एवढं कौतुक मी आजवर कुठल्या ऑफिसात पाहिलं नव्हतं.

खोलीही गोरक्षचीच मिळाली. सावेडीत, पहिल्या मजल्यावर, खाली घरमालकीण पुष्पावतीबाई. भिंतभर खिडकी आहे, उजेड भरपूर. समोरच्या घराची गच्ची अगदी हाताला लागेल इतकी जवळ, आणि तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचलेल्या. मांडववाल्याचं घर असावं.

रविवार, २१ सप्टेंबर

काल पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांच्या मंडळाची एकांकिका पाहिली. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर निघतात, त्याआधी हे लोक नगरला एक प्रयोग करतात. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला, आणि पुढं अर्धा तास उसाच्या फडात बाळ गमावलेली आई रडत राहिली. ते काम रतनबाई नावाच्या बाईंनी केलं. सगळं सभागृह डोळे पुसत होतं. मी सोडून.

घरी येऊन लिहिलं: ‘नाटकात दुःख खरं हवं, उसनं चालत नाही. रतनबाईंचं रडणं खोटं होतं.’ वाक्य असं बसलं की मीच पुन्हा पुन्हा वाचलं. सरांनी आज लेख वाचला आणि सहज सांगितलं की रतनबाईंचं मूल खरंच गेल्या साली फडात गेलं. मी वाक्य खोडलं नाही. दुःख असणं वेगळं, दाखवता येणं वेगळं. आचाऱ्याच्या घरी मयत झालं म्हणून काय अळणी आमटीला चव येते? सर बडीशेप तोंडात टाकत म्हणाले की आता तुमच्यावरही लिहून येईल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अंक आला. पाचव्या पानावर माझा लेख, आणि त्याच्या खाली ‘तालीम’ नावाची छोटी चौकट. ती इथे उतरवून ठेवते:

‘सावेडीतल्या एका खोलीत नव्या नायिकेची तालीम चालू आहे. नायिका चहात पोळी बुडवून खाते आणि फोनवर आईला सांगते की भाजी केली होती. दिसायला बरी आहे, पण तिच्या जिवाला काही म्हणजे काही होत नाही. नायकाला दोन हात आहेत आणि त्या हातांना नाटकात कामच नाही.’

मी तशीच ऑफिसला गेले आणि सरांपुढे अंक आपटला. ते शांतपणे म्हणाले की हे वाचक लिहून पाठवतात, आपण त्यातलं चांगलं निवडून छापतो. जो दुसऱ्यांच्या प्रयोगावर लिहितो त्याच्यावर वाचक लिहिणार, ही ‘आडवाट’ची पहिल्या अंकापासूनची रीत आहे. शिवाय त्या चौकटीत जे चांगलं लिहिलेलं असतं, ते पुढं घडतंच.

म्हातारा चळलाय. पण घरी आले तर समोरच्या गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. ओळीनं, तोंडं माझ्या खिडकीकडे. मी खिडकीला चादर बांधून टाकली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आदिनाथचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. मनगटापासून.

सकाळपासून दवाखान्यात होते. शुद्धीवर आल्यावर तो हसून म्हणाला की मंगळसूत्र डाव्या हातानं बांधलं तर चालतं का ते भटजींना विचारून ठेव. मी बाहेर जाऊन तोंडात ओढणी कोंबली.

दुपारी खोलीवर आले. चादर नव्हती. पुष्पावतीबाईंनी धुवायला काढली म्हणे. खिडकीशी बसून रडले, आणि वर पाहिलं तर गच्ची भरलेली. मेडिकलवाला, दूधवाला, कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरची मोनिका, शेजारच्या काकू. शेव-मुरमुऱ्यांची पिशवी हातोहात फिरत होती. मागून कोणीतरी म्हणालं की मागच्यांना दिसत न्हाई, बाईंना जरा खिडकीकडं सरकायला सांगा.

पुष्पावतीबाई वर आल्या, माझी कॉट खिडकीपाशी ओढून दिली, आणि जाताना खोलीतला लाइट लावून गेल्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

‘तालीम’ आता अर्धं पान झाली आहे. ‘हाताचा प्रसंग चांगला बसला. नायिका मात्र फार लवकर सावरली. आता कोणीतरी जायला हवं, नायिका किंवा नायक. दोघंही राहिले तर प्रेक्षक उठून जातील.’

पोलीस चौकीत गेले. हवालदारानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की पुढचं कधी आहे, घरच्यांना घेऊन येतो. स्टँडवर पुणतांब्याची गाडी उभी होती, पण कंडक्टरनं मला वर चढू दिलं नाही. म्हणाला, असं मधूनच उठून कसं चालंल ताई, तुमचं अजून संपलं न्हाई.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सरांच्या पाया पडले. खरोखर पडले, त्या टायरच्या वासात. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं. सांगितलं की गोरक्षही असाच रडला होता. त्याच्या शेवटाबद्दल खूप पत्रं आली आणि त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी छापलं. गोरक्ष माझ्या याच खिडकीतून खाली पडून गेला. गच्चीवरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मग सर मऊ आवाजात म्हणाले, “तुम्हीही वाचकच की. पाठवा एक पत्र. नायिका की नायक, तुम्हीच लिहा. जे चांगलं लिहिलेलं असेल, ते छापीन.”

या गावात माझ्याइतकं चांगलं कोण लिहितं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

लिहिलं. ‘नायकानं जावं. झोपेत, कसलाही त्रास न होता, दिवा शांत व्हावा तसं.’

एक हात गेलेला माणूस पुढं काय करणार? कंपनी त्याला ठेवणार नाही. निदान त्रास होऊ नये एवढं मी पाहिलं, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मशिन लिहिलं असतं. वाक्य दोनदा सुधारलं. दिव्याची उपमा जुनी आहे, पण इथल्या लोकांना आवडेल.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

शब्द न् शब्द तसाच छापला.

आदिनाथच्या भावाचा फोन आला. झोपेतच. चेहरा शांत होता म्हणे.

छापलेलं वाक्य छान दिसत होतं. देवा, आधी हेच मनात आलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या ओळीत रतनबाई बसल्या आहेत, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. मी खिडकीशी गेले तशा त्या उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या,

“बाई, टोळी निगायची हाय, पन म्या मुकादमाकडून आठ दिस मागून आले. खरं रडनं कसं आस्तं त्ये बगायला. तुमी लिव्हलं हुतं ना.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी रडले. जमिनीवर पडून, आदिनाथचं नाव घेऊन, घसा फुटेस्तोवर रडले. एकही टाळी वाजली नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी जांभई दिली. रतनबाईंनी फडक्याची गाठ बांधली आणि कीव करत माझ्याकडे पाहिलं.

“न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “ह्ये बी खोटं हाय.”

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सरांचा फोन आला. या आठवड्याची पत्रं आली आहेत. नायक संपला, म्हणजे आता नायिका, नाहीतर तिची आई. माझं पत्र आहे का विचारत होते.

कागद घेतला. त्यावर माझं नाव लिहिलं. पुढं लिहायचं होतं.

बुधवार

नाही पाठवलं.

लोक कंटाळलेत. आपोआप उठून जातील. काही होणार नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

‘नायिकेचं रडणं खोटं होतं. तालमी पुरे झाल्या. आज प्रयोग. नाटकात दुःख खरं हवं, उसनं चालत नाही. आईला बोलवा.’

माझंच वाक्य. माझंच.

आईला फोन लावला, येऊ नको म्हणून. ती राहुरीच्या पुढं आली होती. सरांनीच फोन करून बोलावून घेतलं म्हणे, पोरीला बरं वाटत नाही असं सांगून. मी ओरडून सांगत होते, तिला गाडीच्या आवाजात ऐकू येईना. मग म्हणाली, सांजा आणलाय, आणि फोन बंद झाला.

जिन्यात माणसंच माणसं बसली आहेत. मी उतरायला लागले की गुडघे आवळून वाट देतात, आणि खालच्या पायरीवर पुन्हा भिंत. पुष्पावतीबाई त्यांना चहा देत होत्या. मलाही दिला.

परत वर आले. एक लक्षात आलंय. मी लिहीत असले की गच्चीवर जांभया सुरू होतात. लिहिताना बघण्यासारखं काही नसतं. मग लिहीत राहते. पेन ठेवणार नाही. लिहीत राहते, लिहीत राहते, म्हणजे ते उठतील, एकेक करून —

पहिली घंटा.

सभागृहात असते तशीच. इथे कुठून —

रतनबाई आल्या आहेत. पुढच्या ओळीत. भाकरी नाही आणली आज.

आईचा आवाज. खाली. माझी अश्विनी कुठं राहती वो, विचारते आहे. सगळे मिळून सांगतायत — वर, आजी, वर — तिला वाट देतायत, कोणीतरी तिची पिशवी घेतली —

दुसरी.

अजून वेळ आहे. सरांना फोन — माझं नाव लिहा, माझं छापा, माझं — उचलत नाहीत. अंक निघून गेला. मंगळवारी कागद होता. हातात होता. नाव लिहिलं होतं फक्त —

पायऱ्या. तिचे गुडघे दुखतात, थांबत थांबत येते. थांब ना आई. तिथेच थांब. बस तिथे —

जांभया थांबल्यात. सगळे पुढं वाकलेत.

तिसरी घंटा झाली.

आई दारात. हातात डबा. जेवलीस का, विचारते आहे. मागे जा आई, आत नको — आणि समोर रतनबाई उठून उभ्या राहिल्यात, डोळ्याला पदर लावून माझ्याकडे बघतायत, व्हय, व्हय म्हणून मान हलवतायत, कारण आता मला खरंच —