कानाचं माप

आकुर्डी,
एप्रिल १९८१

प्रिय लालमहंमद,

तुझं मस्कतचं पत्र पोचलं. भाच्यासाठी, आपल्या रहिमानसाठी, हेडफोन कोणता आणू, स्पंजाचा हलका की कान पुरता झाकणारा, मागून बंद, असं तू विचारलंस. स्वतःसाठी मुलगी पाहताना एवढी चौकशी केली नव्हतीस, म्हणून सविस्तर लिहिते. ईदला तू चुकीचा घेऊन आलास तर बदलायला मस्कतला कोण जाणार आहे?

मागच्या ईदला तू तो टेप आणि रॉकच्या कॅसेटी ठेवून गेलास. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, गाणाऱ्याचं बोट दारात सापडलंय आणि बाकीचे सोडवायचं टाकून वाजवत बसलेत. पण खरी पंचाईत गाण्याची नाही, झोपेची आहे. आमचे हे, तुझे दुल्हेभाई, अजून तिसऱ्या पाळीलाच आहेत. रात्रभर प्रेसवर पत्रा कापायचा, दिवसा झोपायचं, आणि आमची खोली एकच. झोप अर्धवट झाली की रात्री मशीनवर डुलकी लागते. समोरचे मारुतराव हात जोडतात तेव्हा दोन्ही हातांची बोटं जुळत नाहीत, ती अशाच एका डुलकीत गेली. म्हणून आमच्या गल्लीत दुपार टळेपर्यंत कुणी मोठ्यानं भांडत नाही. भांडणं संध्याकाळसाठी राखून ठेवतात. भाजीवाली भागूबाई आरोळी न देता दारात येऊन मेथीची जुडी हलवते. मी बांगड्या कोपरापर्यंत सारून भांडी घासते. अशा घरात तुझे ते गोरे गवई वाजवायचे तर हेडफोनशिवाय गत्यंतर नाही, हे मला मान्य आहे.

पिंपरीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या ज्योतीरामकडे दोन्ही जातीचे निघाले. दुबईवाल्यांनी दुरुस्तीला टाकलेले. त्यानं ते पारखायला दिले. आधी हलका लावला. आवाज मोकळा, हवेशीर, डोक्यावर भार नाही. पण जेवढं आत तेवढंच बाहेर. ड्रमची टिकटिक खोलीभर पाझरायला लागली आणि तुझे दुल्हेभाई डोळे मिटूनच उठून बसले. थांबव, थांबव, प्रेसची डाय सैल झालीय, असं म्हणत भिंतीवर मशीनचं बटण चाचपायला लागले. हाताला कॅलेंडर आलं. ते ओढून छातीशी धरलं आणि परत आडवे झाले. एप्रिल त्या दिवशी तिथेच फाटला.

दुसऱ्या दिवशी मागून बंदवाला. जड आहे, आणि या उन्हात कान भट्टीतल्या रोटीसारखे फुगतात. पण कप बसले की गल्ली गेलीच. आणि तो जाडा गिटार, ज्योतीराम त्याला बेस म्हणतो, हलक्यात नुसता खोकत होता. यात तो बरगड्यांतून चालतो. मोठी प्रेस चालू असली की कंपनीच्या कुंपणाबाहेरसुद्धा पायाखालची जमीन हलते ना, तसा. त्या सगळ्या आरडाओरड्यात ड्रमवाला तेवढा पाळीवर वेळेत येणारा माणूस आहे, हेही यातच कळलं. चालू टेपचा हेडफोन उशीपाशी नेऊन धरला. दुल्हेभाईंचं घोरणं एका सुरात चालू राहिलं. शेजारच्या गवराबाईंना मात्र शंका. व्हय गं झुलेखा, कान असं झाकल्यावर पोराला हाक कशी ऐकू जायची? मी म्हटलं, उघडे असताना तरी कुठं जाते.

तर मागून बंदच आण. वायर लांब हवी, खिडकीपासून स्टोव्हपर्यंत पुरेल अशी. गादी मऊ आणि कप खोल बघ. सोबत दोरा धाडते आहे, एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंतचं माप, टोकांना गाठी मारल्यात. ज्योतीरामच्या हेडफोनखाली बाळ्या दबून माझे कान दोन दिवस लाल होते. रहिमानच्या कानात बाळ्या कुठून आल्या, असं आता तू विचारशील. रहिमानला हल्ली गझला लागतात. त्याचं कारण चिंचवडला राहतं, तू आलास की दाखवीन. रॉक मी ऐकते. काजं-बटणं करायला बसले की हात कसे सपासप चालतात, तुला सांगून पटायचं नाही. त्या दिवशी दुल्हेभाई झोप पुरी करून आपण होऊन उठले, म्हणे चार हाका मारल्या. मी पाठमोरी, पाय हलवत बसलेली. शेवटी त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि एक कप माझ्यापुढे आणून ठेवला. वीस वर्षांच्या संसारात पहिला. साखर फार पडली होती. मी टेप बंद केला नाही.

तुझीच,
झुलेखाआपा