दार लावणारं मांजर

आदरणीय हात्सुए वन्सं,

तुमची टोपली पोचली, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. टोफूवाले ओगावारा ती घेऊन आले आणि म्हणाले, गोमाला हिच्यात घालायचं, झाकण दोरीनं बांधायचं आणि डोंगरावरच्या मठात पोचवायचं. मांजर मी देणार नाही. (पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखानं करायची असते हे मला ठाऊक आहे. तेव्हा: बर्फ वितळलं. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक.)

तुमचा राग मी समजू शकते. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी तुमचे बंधू उत्तरेकडे डोकं करून पडले होते, त्यांच्या छातीवर रीतीप्रमाणे तुम्ही राखणीला माहेरच्या सुरीचं पातं ठेवलं होतं आणि मला दोनदा बजावलं होतं, की मांजर शेजारी कोंडून ये, ते प्रेतावरून गेलं तर भलतंच काहीतरी त्याच्यात शिरतं. मी ऐकलं नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेय आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलंय. मांजर कोंडलं तर ओरडतं, एवढंच मला ठाऊक होतं. मग गोमानं ते पातं, ती छाती, सगळं एका उडीत ओलांडलं आणि तुम्ही अशा किंचाळलात, की भटजींच्या हातातली घंटा पडली. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे.

आता तुमच्या कानावर काय काय आलंय तेही मला माहीत आहे, कारण ओगावारांच्या पोटात काही राहत नाही. गोमा आता यांच्याच आसनावर बसते. बसू दे, ते खिडकीपाशी आहे आणि तिथे ऊन येतं. हवामानाच्या बातम्या लागण्याआधी ती घसा खाकरते. मांजरांना घशात केस अडकल्याचा त्रास असतो. (तो रोज त्याच वेळी का व्हावा, हे मी अजून पाहतेय.) पितरांच्या देव्हाऱ्यापुढे मी घंटी वाजवली की ती येऊन माझ्या शेजारी बसते आणि फोटोकडे न पाहता माझ्या खांद्याच्या जरा वर पाहत राहते. तिथे भिंत आहे. मी वळून पाहिलंय.

राहता राहिलं दार. परवा ओगावारा चहाला बसले होते, तेवढ्यात गोमा उठून बाहेर गेली आणि तिच्यामागे सरकतं दार हळूच, अगदी शेवटपर्यंत, लागलं. ओगावारांनी कप खाली ठेवला.

"बाई, मांजरं दार उघडतात. लावत नाहीत."

"आमचं लावतं. घराला वळण आहे."

"वळण? बाई, आमची आजी सांगायची, दार लावणारं मांजर मांजर नसतं!"

"तुमच्या आजी दारं उघडी टाकत असतील. चहा घ्या, निवतोय."

चहा तसाच टाकून गेले. टोफूचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. (जाताना दार मात्र उघडंच टाकलं.)

वन्सं, तुम्ही म्हणता कियोसुके त्या मांजरात शिरलाय आणि अडकून पडलाय. जरा विचार करा. तुमच्या भावानं उभ्या जन्मात एक दार लावलं नाही. थंडीत अंगात लोकरीचे दोन थर घालून मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "दार!" आणि हे खाली शेगडी असलेल्या उबदार मेजाखाली पाय घालून म्हणायचे, "लावतो हं," आणि वारा आत. तुमच्याच घरचं वळण ते. तेव्हा दार लावणारा प्राणी कोणीही असो, तुमचा भाऊ असणं शक्य नाही. याहून स्वच्छ पुरावा मी देऊ शकत नाही.

शिवाय सांजेला ती माझ्या पायांवर येऊन पडते. उबदार असते. घुरघुरते, तेव्हा घरात काहीतरी चालू आहे असं वाटतं. एवढंच. त्यासाठी मठ कशाला?

तुमची,
फुसाए

ता. क. मिसोत शिजवलेला बांगडा तुम्ही कसा करता, ते सविस्तर कळवावं. आल्याचे काप आधी घालता की नंतर? हे नेहमी म्हणायचे, "ताईच्या हातचा नाही," आणि मीही कधी तुम्हाला विचारायला गेले नाही. आता मी केलेला गोमा नुसता हुंगते, तोंड फिरवते आणि उसासा टाकते. डब्यातून पाठवू नका, मला करता आला पाहिजे.

आणखी एक. वरचा पुरावा मी मागे घेते. काल भाजी चिरताना पाठीवर गार वारा आला आणि सवयीनं मी म्हटलं, "दार!" लागलं. नेहमीसारखं हळूच, शेवटपर्यंत. गोमा तेव्हा माझ्या मांडीवर होती. तिनं मान वर केली, माझ्या खांद्याच्या जरा वर पाहिलं आणि पुन्हा झोपली. मला भीती वाटली नाही म्हणावं तर खोटं होईल, पण मी उठले नाही. मी म्हटलं, "इतकी वर्षं लागली होय?" मांजर नेऊन काही होणार नाही, वन्सं, ते फक्त पाहतं. आणि ते नसलं तर कुठे पाहायचं, हे मला कळणार नाही.

ओगावारांच्या हाती, फाटकाबाहेर (आत यायला तयार नाहीत), दिलं ते असं: टोपली, रिकामी. दोरी, न सोडलेली. गुडघ्यांसाठी लोकरीच्या पट्ट्या, मी विणलेल्या. तुमचं माहेरचं पातं, पुसून, कापडात गुंडाळून. आमच्याकडे त्याचं आता काम नाही. मांजर दिलेलं नाही.