तिसऱ्या घंटेआधी

रत्नागिरी,
९ नोव्हेंबर २००६

प्रिय रावजी,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावरून माझा राग गेला असं समजू नकोस. मंडळातला सदू काल तुझा निरोप घेऊन आला. शनिवारी 'कालवं'चा प्रयोग, मध्यंतरात नाटककार म्हणून तुझा सत्कार, आणि आईची भूमिका मीच करायची. वर फर्मान असं की पडदा उघडायच्या आधीची घोषणाही करुणाच्याच आवाजात हवी, लोकांना सवय आहे. लाज कशी वाटली नाही रे तुला?

अठ्ठ्याण्णव साली भाट्याच्या पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत बसून मी तुला ते नाटक वाचून दाखवलं, तेव्हा तू रडला होतास. डोळे पुसून म्हणालास, लेखक म्हणून बाईचं, तेही बौद्धवाडीतल्या बाईचं नाव लावलं तर कुठलं मंडळ प्रयोग घेणार? पुढच्या नाटकाला तुझं लावू. पुढची दोन नाटकंही तुझ्याच नावावर गेली. आपलं लग्नसुद्धा तू असंच पुढच्या नाटकावर ढकलत राहिलास आणि दापोलीच्या बागायतदाराची मुलगी करून मोकळा झालास. तेही गिळलं मी. गावोगाव विंगेत उभी राहून, तिसऱ्या घंटेआधी, लेखक म्हणून तुझं नाव खणखणीत घेत राहिले, आणि मग माझंच लिहिलेलं बोलायला आत जात राहिले.

पण गेल्या महिन्यातली तुझी मुलाखत वाचली आणि अंगाचा तिळपापड झाला. बाईचं दुःख इतकं नेमकं कसं कळलं, तर म्हणे आईकडून! तुझ्या आईनं कधी ओहोटीला खाडीत पाय तरी घातला होता? चिखलात वाकून, धारदार शिंपले फोडून कालवं काढली ती माझ्या आईनं. "माजं हात कापलं ते कुनी बगितलान नाय, कालवां मात्र समद्यास गोड लागली." या वाक्याला सगळं नाट्यगृह गप्प होतं ना, ते तिचं आहे. आमच्या पडवीत बसून, बोटांना चिंध्या बांधता बांधता बोललेली. ती आता हयात नाही, म्हणून तिचे शब्द खुशाल तुझ्या आईच्या तोंडी घातलेस?

माझं नाव खाल्लंस ते एक वेळ सोडलं असतं. तिचं सोडणार नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी मी येते, भूमिकाही करते. घोषणाही मीच करीन: लेखिका, सीताबाईंची मुलगी करुणा. पहिल्या रांगेत दचकू नकोस, म्हणून आधी कळवलं. खोटं वाटत असेल तर सगळ्यांदेखत उठून तसं सांग. तिसरी घंटा मी तोवर थांबवून ठेवीन.

एके काळी तुझीच,
करुणा